नाना माझ्या पोटात आले तेव्हा

मी घानातल्या कुमासी शहरातल्या एका इस्पितळाचा एमआरआय बोलतोय. जन्म परदेशातला, पण तेमा बंदरात उतरलो तो इथलाच झालो. दारातून शिरेना म्हणून भिंत फोडून मला आत घेतलं. तेव्हापासून माणसं पोटात घेतो, ठणाठणा ओरडतो आणि त्यांच्या आतली चित्रं काढतो. अंगात जबरदस्त चुंबक आहे, त्यामुळे लोखंड दिसलं की मात्र माझा ताबा सुटतो.

खूप माणसं पाहिली, पण नाना अंपोन्सांसारखं कुणी नाही. इकडे राजाला 'नाना' म्हणतात; हे आसपासच्या गावांचे राजे. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर त्यांना किरणांचे उपचार झाले होते. सगळे निर्धास्त होते, तोच रक्ततपासणीतला आकडा पुन्हा चढू लागला. कॅन्सर परत डोकं वर काढणार का, याचा अंदाज डॉक्टर डार्कोंना माझ्या चित्रांवरून बांधायचा होता.

नाना आले ते छत्रीखाली, मंडळींच्या गराड्यात. माझी तंत्रज्ञ ग्लॅडिस म्हणाली, "नाना, चपला काढा."

सगळे थिजले. नानांच्या वतीने बोलणारे बाफूर पुढे सरसावले. राजाशी थेट बोलायचं नाही, राजानेही थेट बोलायचं नाही, सगळं बाफूरमार्फत. "अगं बाई, नानांचा उघडा पाय जमिनीला लागला तर गादी जाते! तू त्यांना तपासायला बसलीस की उतरवायला?"

"चपलांच्या तळाला लोखंडी खिळे आहेत. चपलांसकट नाना तोफगोळ्यासारखे आत जातील."

तिथेच दरबार भरला. एकाने मलाच राजवाड्यात न्यायचं सुचवलं. दुसरा म्हणाला, "नानांऐवजी मी आत जातो. मलाही अगदी तसंच होतंय."

अखेर नानांची थोरली बहीण, राजमाता अफ्राकोमा, कडाडली; इकडे राजमातेचा मान बहिणीलाही मिळतो. "पाय जमिनीला लागायला नको ना? मग उचला की त्याला! लहानपणी मी एकटी कडेवर घेऊन हिंडायचे."

चार वडीलधाऱ्यांनी पट्टे, अंगठ्या, ताईत उतरवले. एकाच्या मांडीत सळई निघाली, त्याला परत पाठवलं. मग उरलेल्या तिघांनी धापा टाकत नानांना उचललं, चपला काढल्या आणि माझ्या पाटावर ठेवलं.

"हलू नका म्हणावं," ग्लॅडिस म्हणाली.

बाफूर माइकवर सुरू झाले, "हे वनराजा, ज्याच्या सावलीत हत्ती विसावतात, ही मुलगी विनवते, पर्वतासारखे निश्चल व्हा..." नानांना हसू फुटलं. पोट हललं. चित्र गेलं. असं तीनदा झालं. शेवटी ग्लॅडिसने माइकच काढून घेतला.

मग आत आम्ही दोघंच. माझ्या आवाजाच्या आडोशाने नाना कुजबुजले, "काय रे, आलंय का ते परत?" मला तर नुसता ठणठणाट येतो. तोच करत राहिलो.

चित्रं आली. नानांना चपला घालून काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाफूर, नानांना सांगा. जुन्याच जागी लहानसा ठिपका दिसतोय. कॅन्सर परतण्याची शक्यता बरीच आहे. बाहेर पसरलेला दिसत नाही. सुईने तुकडा काढून खात्री करू."

बाफूर नानांपुढे वाकले. "नाना, डॉक्टर म्हणतात, राज्यात सर्वत्र शांतता आहे. कोपऱ्यात एक पाहुणा आलाय, बहुधा आपल्याला मुजरा करायला."

"वा!" मंडळी म्हणाली. कुणीतरी ताडी आणायला पळालं.

नाना हसले नाहीत. "बाफूर, तुझी जीभ सोन्याची आहे. पण दुखणं माझं आहे." ते वळले. "डॉक्टर, माझ्याकडे बघून बोला. परत आलाय?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. घाबरून छत्रीवाल्याने छत्री मिटली.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बहुतेक हो, नाना. पण आपण वेळेत आहोत."

"मग सुई कधी?"

बाफूर रडायलाच लागले. "नाना, आता मी काय करू?"

"तू घरी जा आणि माझ्या बायकोला सांग. तिथे तुझी जीभ लागेल."

सुईने माझा अंदाज खरा ठरवला. उपचार झाले, आकडा उतरला. नानांनी भर दरबारात स्वतःच्या तोंडाने हे सगळं सांगितलं, अगदी कुठे सुई टोचली तेसुद्धा. तेव्हापासून त्या गावांतले पुरुष कुरकुरत का होईना, तपासणीला येतात.

आता मी थकलोय. वीज गेली की चुंबकाला लागणारा अंगातला गारवा सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. पण बाबांनो, उपचार झाले म्हणून तपासण्या चुकवू नका. मी आहे तोवर या.

गेल्या खेपेला नाना माझ्या पोटात चक्क झोपले. घोरण्याने चित्र हललं. नवा डॉक्टर त्यांना उठवायला निघाला, तर ग्लॅडिस म्हणाली, "झोपू द्या. उठले की पुन्हा काढू."