कॅन्टीनमधली तिसरी सही

या, जरा जवळ सरका. एका देवदूताची गोष्ट सांगते. पंख नसलेला, कानांनी अधू असा देवदूत.

हे आमचे मामा. तीस वर्षं कारखान्यात घणाच्या यंत्रापाशी उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. निवृत्तीचे निम्मे पैसे त्यांनी भाचीच्या नव्या कंपनीत घातले. गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढून ऐकवणारं कानातलं यंत्र ती बनवत होती. आणखी दोघांनी पैसे घातले होते: बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि औषधांच्या दुकानांच्या मालकीणबाई. अशा कोवळ्या धंद्यात पैसा घालणाऱ्यांना एंजल म्हणतात, म्हणजे देवदूतच की.

मग मंदी आली. मागणी आटली, नवा पैसा कुणी देईना, भाचीने ऑफिस सोडलं. म्हणून बैठक भरली ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. ताटांचा खणखणाट, पंख्यांची घरघर. कंपनी आजच बंद करायची, तर तिघांच्याही सह्या हव्या होत्या. दोन झाल्या होत्या.

साहेब आणि बाई चहा आणायला काउंटरपाशी गेले. मामा टोपी कानांवर ओढून चष्मा पुसत बसले. शेजारी भाची, मान खाली घातलेली.

"म्हाताऱ्यापुढे कागद सरकवू," साहेब तिकडे बाईंना म्हणाले. "त्याला कुठे ऐकू येतंय."

"बिचारा साधा आहे हो. आणि पोरीचं काय?"

"लागेल कुठेतरी नोकरीला. यंत्र धड असतं, तर विकलं नसतं का गेलं?"

चहा घेऊन दोघं परतले. साहेबांनी मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मामा, इथे सही!"

मामांनी पेनाला टोपण लावलं. "ओरडू नका साहेब. पोरगी नोकरीला लागणार नाही. आणि बाई, मी साधा असेन, पण बिचारा नाही."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "तिथलं इथे ऐकलंत?"

मामांनी टोपी वर केली. कानात चिंचोक्याएवढं यंत्र होतं. "आठवडा झाला घालून. हिच्या हातचं आहे."

"एका कानाने बाजार सुधारत नाही," साहेब म्हणाले.

"नसेल. पण देवदूत म्हणवता ना? सुकाळात कावळेही उडतात. मी सही करत नाही. चहा घ्या, नाहीतर निघा."

बाईंनी कागद ओढला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. "माझ्या दुकानांत ठेव गं वीस यंत्रं." साहेब चहा तसाच टाकून गेले.

मंदी अजून आहे. कंपनीही आहे, बाईंच्या गोदामाच्या एका कोपऱ्यात.

परतताना भाचीने विचारलं, "मामा, एवढा हट्ट कशासाठी?"

"घणापाशी माझा एक जोडीदार होता," मामा म्हणाले. "मागून ट्रॉली आली. भोंगा वाजत होता, मी लांबून हातवारे करत होतो. त्याचेही कान गेलेले, आणि माझ्याकडे पाठ होती."

मामांना आठवा असं मी म्हणत नाही, ते खमके आहेत. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या जोडीदाराला तेवढं आठवा.