एक विडी संपेपर्यंत

अहो, इकडे! त्या तीन दगडांच्या मागे, कपारीत बघा. मी बोलतोय, सातपुड्याचा तिरकामठा. धनुष्य म्हणालात तरी चालेल, पण ते पोथीतलं नाव. मला कुणी तशी हाक मारली नाही.

माझा जन्म पांडूबाबाच्या अंगणात झाला. म्हातारा मोठा खवट. माझा बांबू त्याने वर्षभर चुलीच्या धुरात टांगला, आणि कुणी घाई केली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची.

त्याच्या नातीला साप चावला, तेव्हा सरकारी दवाखान्यात नुकताच आलेला डॉक्टर उन्मेष तिला उचलून स्वतः जीपकडे धावला. पोर वाचली. दवाखान्यातलं वर्ष संपवून उन्मेष निघाला, तेव्हा पांडूबाबाने मला त्याच्या हातात दिलं आणि वर एक गोष्ट सांगितली.

"डाक्टरसाहेब, बाण लागला की बसायचं. एक विडी संपेपर्यंत उठायचं नाही. मागं कुणी नाही असं वाटलं, तर जनावर जवळच आडवं होतं. धावलात, तर तेही धावतं. मग त्याचेही हाल अन् तुमचेही."

"मी कुठे शिकारीला जाणार, बाबा!" उन्मेष हसला.

पुढे तो मला घेऊन सौदीला आला, ताइफच्या एका इस्पितळात. काम अपघात विभागात. रक्त दिसलं की धावायचं, एवढीच त्याला सवय. घरी त्याची बायको शिवांगी म्हणाली, "हे लांबडं कुठे लावू? सोफ्यावर की चपलांच्या कपाटावर?" सोफ्यावरच्या भिंतीवर लागलो. आठ वर्षं पाहुण्यांच्या फोटोंत मिरवून काढली. इथली हवा इतकी कोरडी की माझी हाडं कडकड वाजायची. उन्मेष अधूनमधून खोबरेल तेल चोळायचा, म्हणून तगलो.

मग एका जेवणाला हम्माद आला. तो त्याच इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवायचा, मूळचा इथल्याच डोंगरातला. घरच्या गुलाबाच्या मळ्यात हिंदी मजूर, म्हणून बापलेक दोघंही हिंदी अगदी सफाईने बोलायचे. त्याने मला भिंतीवरून उतरवलं, अंगठ्याने दोरी छेडली आणि म्हणाला, "डॉक्टर, ये दीवार के लिए नहीं है." त्याचे आजोबा डोंगरी बोकड मारायचे, पायी, दिवसदिवस मागावर. झालं! उन्मेषच्या डोक्यात किडा शिरला.

हम्मादच्या गुलाबाच्या मळ्यात वर्षभर पोत्यांवर नेम चालला. बाणांना पाती हम्मादनेच करवून घेतली. पण डोंगरात न्यायला तो तयार नव्हता. शिकारीला सक्त बंदी. सापडलं तर तुरुंग, आणि परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेलाच म्हणून समजा. "हा तर आवाजही करत नाही," उन्मेष माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा. पाहुण्याला किती वेळा नाही म्हणणार? शेवटी हम्माद म्हणाला, "एक बार. बस, खलास."

त्या पहाटे आम्ही इथे चढलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. ऊन तापेपर्यंत दोघे पोटावर सरकत राहिले. वीस पावलांवर तो उभा होता, मागे वळलेल्या मोठ्या शिंगांचा थोराड बोकड. उन्मेषने मला ताणलं. बाण सुटला आणि पोटात रुतला. चुकीच्या जागी.

"बैठो!" हम्माद कुजबुजला.

उन्मेष बसला नाही. रक्त दिसलं आणि धावला. पुढे बोकड, मागे हा, सुट्या खडीवरून थेट कड्याकडे. बोकडाने पलीकडच्या घळीत उडी घेतली. उन्मेषही गेलाच असता. पण हम्मादने मागून येऊन त्याचा सदरा धरला आणि त्याला मागे फेकलं. त्या हिसक्यात हम्मादचाच पाय सुटला.

तो खाली एका खडकावर पडला. जिवंत होता. "डॉक्टर! ओ डॉक्टर!" स्पष्ट ऐकू येत होतं.

मोबाइलला रेंज होती. उन्मेषने नंबर काढला. मग त्याची नजर शेजारी खडीत पडलेल्या माझ्यावर गेली. आणि त्याने मोबाइल खिशात टाकला हो! मला आणि उरलेल्या बाणांना उचलून तो वर चढला, कपार शोधली, आम्हाला कोंबलं, दगड लावले, बाटलीतल्या पाण्याने खडीवरचं रक्त धुतलं. पांडूबाबाच्या हिशेबाने दोन विड्या सहज संपल्या असत्या. दुसरी संपायच्या आत खालची हाक थांबली होती.

मग त्याने फोन केला. मग तो खाली उतरला. माणसं आली तेव्हा तो हम्मादची छाती दाबत होता. कुणीतरी म्हणालं, "खलास, डॉक्टर, खलास." तरी तो थांबेना. विचारलं तेव्हा म्हणाला, "फिरायला आलो होतो. त्याचा पाय घसरला."

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घळीवर गिधाडं फिरू लागली. तोवर तो बोकड जिवंत होता की काय, देव जाणे.

दोन महिन्यांनी उन्मेष परत आला, हम्मादच्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. त्यांना जागा बघायची होती. इथे, माझ्यापासून दहा पावलांवर, म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली. म्हणाला, "बेटा, तू आख़िर तक उसके पास बैठा रहा. अल्लाह तेरा भला करे." उन्मेषने एकदा या तीन दगडांकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी कान लावून होतो. त्याने म्हाताऱ्याचा हात धरला आणि "सांभाळून, बाबा" म्हणत त्याला खाली नेलं.

आता माझी दोरी तुटलीय, अंग उभं चिरलंय. पुन्हा बाण सोडणं नाही. पण मला भिंतीवर लावू नका, हात जोडतो. खाली गुलाबाच्या मळ्यात न्या आणि त्या म्हाताऱ्यापुढे ठेवा. सांगा त्याला, तुझ्या पोराचा पाय घसरला नव्हता. त्याने मित्राला वाचवलं, आणि मग बराच वेळ त्याला हाका मारत होता.