अकरा लुगडी

भाद्रपद सरत आला होता. आभाळ निवळलं होतं, पंचगंगेचं पाणी निवळलं होतं, उसाच्या पात्यापात्यांवर शरदाचं कोवळं ऊन सांडलं होतं. काठावरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून इवलीइवली हिरवी पानं डोकावू लागली होती. वाऱ्यात ओल होती, गवताचा गंध होता. घटस्थापनेला चार दिवस राहिले होते.

या काठाची जुनी रीत अशी की देवी घरात बसायच्या आधी घर उलथंपालथं करायचं. डबे बाहेर, उतरंडी बाहेर, वाकळा बाहेर, पडदे-पांघरुणं बाहेर. भिंतींना पांढरा हात, जमिनीला शेणाचा हात. घरातला एकही धागा न धुतलेला राहता कामा नये. त्या चार दिवसांत गावात म्हणे उंदरांनासुद्धा बसायला जागा मिळत नाही.

नदीवर तर रंगांची जत्रा भरे. काळ्या दगडांवर लाल वाकळा, निळ्या वाकळा, ठिगळाठिगळांच्या, पिढ्यापिढ्यांच्या. धोपटण्यांचा ठोका या काठावर पडे आणि त्याचा प्रतिध्वनी त्या काठावरून परत येई.

त्या गर्दीत, पिंपळाखालच्या कडेच्या दगडावर, शालन एकटीच धुणं धुवत होती. तिच्यापुढे अकरा लुगडी होती. डाळिंबी होतं, मोरपंखी होतं, अबोली होतं, अंजिरी होतं. चिंतामणी रंगाचं, रुंद काठाचं इरकल होतं. अकरा रंगांची अकरा लुगडी, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं.

ती लुगडी हौसाची. हौसा म्हणजे शालनच्या नवऱ्याची, तातोबाची, पहिली बायको. नावाप्रमाणे हौशी बाई. पाच वर्षांच्या संसारात तिने अकरा लुगडी जमवली आणि आठ दिवसांच्या तापात अकराच्या अकरा इथेच टाकून निघून गेली. दोन वर्षांनी शालन आली. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या शेजारी सवतीच्या नावाची चांदीची पुतळी ओवलेली होती, रीतच होती तशी. तिला ती पुतळी कधी जड वाटली नाही.

जड वाटलं ते कपाट. तातोबाच्या घरात कपाट एकच, सागवानी, दोन दारांचं, तीन कप्प्यांचं. एका कप्प्यात तातोबाचे कपडे, एकात कागदपत्रं आणि सणासुदीची भांडी. आणि मधला कप्पा, डोळ्यांसमोरचा, हाताशी येणारा, ऐसपैस कप्पा हौसाचा. शालनची लुगडी चौदा वर्षं दाराआडच्या खुंटीला नायलॉनच्या पिशवीत लोंबत होती.

सवत जिवंत असली तर भांडता तरी येतं. मेलेल्या सवतीशी काय भांडणार? ती हू की चू करत नाही, आणि जागाही सोडत नाही.

शालनला सोनं नको होतं, नाणं नको होतं. तिला तो एक कप्पा हवा होता. स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवावं, दार लावावं आणि आत आपलं काही आहे एवढं ठाऊक असावं, एवढीच तिची आस. चौदा वर्षांत ती एकदाही ओठावर आली नव्हती.

पहिल्या वर्षीचं तिला लख्ख आठवे. असेच शरदाचे दिवस होते. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. तिने कपाट उघडलं, लुगड्यांची ती चळत पाहिली आणि दबकत विचारलं, “ही बी धुवायची?”

तातोबा पाठमोरा होता. “धू,” एवढंच तो म्हणाला आणि चपला पायात सरकवून तडक गुऱ्हाळाकडे निघून गेला.

तिने धुतली. वाळवली. काठाला काठ जुळवून घड्या घातल्या आणि होती तिथे परत ठेवली. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षीही. दर वर्षी त्या दिवशी नवरा उजाडताच घराबाहेर पडे आणि दिवे लागल्यावर परत येई. शालनने त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं. याच्या जिवाचा तुकडा त्या कप्प्यात आहे, आपण त्याला हात लावायचा नाही.

गावाने मात्र तिला डोक्यावर घेतलं. शेजारच्या आनूकाकी तर नदीवर नव्या सुनांना तिच्याकडे बोट करून दाखवत. “बघा, सवतीची लुगडी धुती दरसाल! अशी बाई दिवा घिऊन हुडकली तरी घावायची न्हाई.” कौतुक ऐकलं की शालनची मान आणखी खाली जाई. देवमाणूस म्हणवून घेतलेल्या बाईला कप्पा मागायची सोय राहत नाही.

त्या सकाळी दहा लुगडी झाली. अकरावं, डाळिंबी, तिने पाण्यात सोडलं. प्रवाहाने ते फुलवलं, पसरवलं, आणि क्षणभर अख्खी नदी तिथे लाल झाल्यासारखी दिसली. शालनने ते ओढून घेतलं, पीळ दिला, आणखी एक पीळ दिला.

आणि ते टरकन फाटलं. काठापासून काठापर्यंत, आडवं, मधोमध. नेसून नेसून नव्हे, धुऊन धुऊन विरलं होतं ते. कुणाच्या अंगाला न लागता चौदा वर्षं नुसतं नदीवर येत होतं आणि परत जात होतं.

शालनने दोन्ही तुकडे बुट्टीत सगळ्यांच्या वर ठेवले. ओल्या लुगड्यांची बुट्टी डोक्यावर घेऊन ती निघाली खरी, पण पाऊल उचलत नव्हतं. उसाची पाती सळसळत होती, बगळे उडत होते, ऊन कसं सोन्यासारखं पडलं होतं, आणि तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. एकदा वाटलं, ते डाळिंबी पाण्यात सोडून द्यावं, कुणाला कळणार आहे? पण तसं करायला तिचा हात धजला नाही.

घरी येते तो सोप्यात तातोबा बसलेला. गुऱ्हाळाचं चुलवाण, काहिलीखालची भट्टी, लिंपायला येणारा गवंडी आलाच नव्हता, म्हणून तो परत फिरला होता. तातोबा पंचक्रोशीतला नावाजलेला गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरायचा हे तो नुसत्या वासावर सांगे, दोन बोटांच्या चिमटीत गुळाची जात ओळखे. पण घरातली बाई चौदा वर्षं आतल्या आत किती उकळली, याचा वास काही त्याच्या नाकाला लागला नव्हता.

शालनने बुट्टी खाली ठेवली. वरचं डाळिंबी उचललं. दोन्ही हातांत दोन तुकडे आले.

“फाटलं,” ती म्हणाली. “मुद्दाम न्हाई केलं मी. आईशप्पत न्हाई.”

तातोबा उठून जवळ आला. त्याने तो ओला तुकडा हातात घेतला, अंगठ्याने चाचपला.

“शालन, का धुतीस गं ही दरसाल?”

“तुमीच म्हनला हुता न्हवं, धू म्हनून?”

“धू म्हनलं. परत ठिव असं कवा म्हनलं?”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“गेलेल्या मानसाची कापडं धुऊन कुनाला तरी द्येत्यात,” तातोबा म्हणाला. “माझा काय हात हुईना. म्हनलं, नवी आलीया, तीच धुऊन दिऊन टाकंल. सांजचं येऊन बघतोय तर तू घड्या घालून परत कपाटात! मला वाटलं, हिला सवतीचं भ्या वाटत आसंल, न्हाईतर माया आसंल. आपन कशाला मोडता घाला?”

“आनि मला वाटलं, तुमचा जीव त्यात गुतलाय. म्हनून तर त्या दिसाला घरात थांबत न्हाईसा.”

“आगं, आठवन येती की. न्हाई कशी येनार? पर सारं अंगन तिच्या लुगड्यांनी भरल्यालं बघवायचं न्हाई मला. म्हनून पळायचो.”

दोघं समोरासमोर उभी होती. लुगड्याचा एक तुकडा त्याच्या हातात, एक तिच्या हातात, आणि दोन्हींतून पाणी ठिबकत होतं. चौदा वर्षं एकमेकांची मर्जी राखण्यात दोघांनीही आपली मर्जी मारली होती. दोघं शहाणी, आणि दोघांच्या शहाणपणाची गोळाबेरीज मात्र निव्वळ वेडेपणा!

आधी शालनला रडू आलं. मग रडता रडता हसू आलं, ते काही केल्या आवरेना. पदर तोंडाशी धरला तरी खांदे हलत राहिले. तातोबाही हसू लागला, मोठ्याने, घोगऱ्या आवाजात. सहा कोसांचा घाट चढून आल्यावर डोक्यावरचा भारा खाली टाकावा आणि मान हलकी व्हावी, तसं दोघांचं झालं.

हसण्याचा आवाज ऐकून आनूकाकी गडग्यावरून डोकावल्या. शालनने त्यांना आत बोलावलं. “काकी, ही लुगडी वाळली की घिऊन जावा. तुमच्या लेकींस्नी, सुनांस्नी वाटा. नेसू द्यात कुनाला तरी.”

आनूकाकींचा चेहरा पडला. “आगं, आनि मी आता सुनांस्नी काय सांगू? नदीवर दरसाल तुझंच नाव घ्यायची मी!”

“आता न्हाई सांगितलं तरी चालंल, काकी,” शालन म्हणाली. इतकं हलकं उत्तर तिच्या तोंडून पूर्वी कधी निघालं नव्हतं.

दुपारच्या उन्हात दोरीवर रंग झुलले. अबोली झुललं, अंजिरी झुललं, चिंतामणी झुललं. वारा आला की काठ उडत, ऊन आलं की जरतार चमके. या वेळी तातोबा पळाला नाही. उंबऱ्यावर बसून त्याने ते डोळे भरून पाहिलं आणि एकदा उपरण्याने डोळे टिपलेही. शालनने ते पाहिलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

फाटलेलं डाळिंबी वाकळेला अस्तर म्हणून बाजूला ठेवलं. बाकीची आनूकाकी उचलू लागल्या, तेव्हा शालनचा हात मोरपंखी लुगड्यावरून निघेना. चौदा वर्षं ते तिच्या हाताला माहीत होतं, अंगाला माहीत नव्हतं.

“ह्ये एक मी घिऊ?” तिने नवऱ्याला विचारलं.

“मला काय इचारतीस?” तातोबा म्हणाला. “घर तुझं हाय.”

तो सहज बोलून गेला. ती मात्र मोरपंखी छातीशी धरून क्षणभर जागच्या जागी थबकली.

मग तिने कप्पा ओल्या फडक्याने पुसला, कोरड्या फडक्याने पुसला. कडुलिंबाचा पाला टाकला, वर्तमानपत्राचा कागद अंथरला. खुंटीवरची पिशवी काढली आणि एकेक घडी आत ठेवली. पाच तिची लुगडी, आणि सहावं हौसाने दिलेलं. सहा लुगड्यांनी कप्पा काही भरला नाही. अर्ध्याहून अधिक जागा मोकळी राहिली, आणि ती मोकळी जागाही तिचीच होती.

तिने दार लावलं. थोडं थांबून उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

“काय हुडकतीस गं?” तातोबाने सोप्यातून विचारलं.

“काय न्हाई. माझंच बघतीया.”

आणि मावळतीचं ऊन घरात आलं, कपाटाच्या उघड्या दारापाशी आलं, आणि एकेका काठावरून, एकेका घडीवरून, सावकाश, अगदी सावकाश, आत सरकत गेलं.