एकशेवीस अंश

“दुर्गा, उत्तर साठ. तू एकशेवीस लिहिलंस,” माझा पेपर परत देत नवलकर सर म्हणाले.

मी पुन्हा कोनाकडे पाहिलं. “पण सर, हा तर विशालकोन आहे. साठ कसा असेल?”

शेजारच्या चंपाने मला चिमटा काढला. “ए, गप बस ना! पास झालीस ना तू?”

पण तेरा वर्षांची मी, चार गुणांसाठी देवाशीही भांडले असते. कंपासपेटीत गिरगाव चौपाटीवरच्या संध्याकाळच्या सभेचं हस्तपत्रक होतं. त्याची एक घडी घातली, मग त्या घडीवरच दुसरी. झाला काटकोन. ही युक्ती सरांचीच. कागद कसाही फाटलेला असो, घडी नीट घातली की काटकोन मिळतोच, असं ते सांगायचे. घडीचा कोपरा मी कोनावर ठेवला. कोन चांगलाच बाहेर डोकावत होता.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मनमोहन नवलकर सर गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवत होते. भर वैशाखातही काळा कोट. हात पसरून कोन दाखवायचे. सरळकोन आला की पहिल्या बाकावरच्या मुली डोकी खाली घालायच्या. “आधी कोनाकडे बघा, तो कुठला ते सांगा, मग कोनमापक लावा,” हे त्यांचं रोजचं पालुपद. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. एकाच रेघेवर एक ओळ साठ म्हणते, दुसरी एकशेवीस. पण त्या वर्षी सरांना मोतीबिंदूने गाठलं होतं. भिंगाखाली धरून ते पेपर तपासायचे आणि भिंगात मावायचा कोनमापकावरचा फक्त आकडा, अख्खा कोन नाही. आणखी एक चूक झाली तर भूमिती सुमतीबाईंकडे जाईल, असं मोठ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं. चंपाने ते ऑफिसच्या दाराशी ऐकलं होतं, म्हणजे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

मी घडीवर हात ठेवला. “काही नाही सर, माझंच चुकलं.”

“दाखव.”

त्यांनी भिंग काढलं. घडीवर ‘मुंबईसह’ एवढाच शब्द दिसत होता. घडीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग माझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून.

“मी आकडा वाचला,” ते म्हणाले. “कोन पाहिलाच नाही.”

मग ते वर्गाकडे वळले. “एकशेवीस लिहिणाऱ्यांनी हात वर करा.”

अकरा हात वर झाले. एकेकीला बोलावून त्यांनी लाल शाईने गुण वाढवले आणि प्रत्येकीला म्हणाले, “तुझं बरोबर, माझं चुकलं.”

चंपाला राहवलं नाही. “सर, आम्ही नाही सांगणार कोणाला. शप्पथ!”

“अगं, अकरा पेपरांवर खाडाखोड झालीये. ती कशामुळे, हे मोठ्या बाईंना सांगायला नको?” घंटा झाल्यावर पेपरांचा गठ्ठा काखेत मारून ते स्वतःच ऑफिसात गेले.

सोमवारी भूमितीला सुमतीबाई आल्या. शिकवायच्या छान, उगाच खोटं का बोलू? सरांना वाचनालयात बसवलं. माझ्या चार गुणांपायी त्यांचा वर्ग गेला, हे मला आजही टोचतं. पुढे मी ऑफिसात तीस वर्षं काढली, मोठमोठे साहेब पाहिले. आपली चूक अशी काखेत मारून वरिष्ठांपुढे जाणारा एकही दिसला नाही.

सरांचा वर्ग गेल्यावर महिन्याभराने, मधल्या सुट्टीत सर व्हरांड्यातून भिंतीला हात लावत येत होते. आता चेहरे त्यांना ओळखू येत नसत. हाक मारायचा मला धीर होईना. मी अंगणात त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात पसरून वर उचलले.

ते थांबले. डोळे बारीक करून बघत राहिले.

“विशालकोन,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “एकशेवीस. दुर्गा ना गं तू?”

“हो सर.”

ते हसले आणि भिंतीला हात लावत पुढे निघाले. माझे दंड भरून आले होते. पण ते वाचनालयाच्या दारात पोहोचेपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.