अनघाचं इंजिन आणि महाराजांचा हात

रविवारी सकाळी अकरा वाजता, जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, अनघा आणि तिचा नवरा शैलेंद्र यांच्या हॉलमध्ये पस्तीस माणसं श्वास रोखून बसली होती. चपलांची रांग लिफ्टपर्यंत गेली होती. टेबलावर वाफेचं एक छोटं इंजिन नुसतं फुसफुसत होतं, जागचं हलत नव्हतं. गादीवरून स्पंदनानंद महाराज उठले. इंजिनाच्या बाजूला असलेल्या मोठ्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, त्यांनी अलगद तळहात ठेवला, डोळे मिटले आणि "चल बाळा" म्हणाले. चाक फिरलं. आधी अडखळत, मग भन्नाट.

पस्तीस जणांनी हात जोडले. दोघींना रडू फुटलं. इंजिन जिने बनवलं होतं ती अनघा मात्र कपाळाला हात लावून उभी होती.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत मळणीयंत्रं ओढत रस्त्याने जाणारी वाफेची इंजिनं असत, त्यांची ही सुटकेसएवढी हुबेहूब प्रतिकृती. अनघा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायची, पण शिक्षण मेकॅनिकलचं आणि हात सतत शिवशिवणारे. फ्लॅटमधल्या जाड भिंतींच्या शेल्टरमध्ये, म्हणजे बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या खोलीत, लोक तांदूळ आणि जुने पंखे ठेवतात, तिने धातू कातायचा छोटा लेथ ठेवला. अडीच वर्षं खपून तिने तांब्याचा बॉयलर जोडला, दुप्पट दाबाने तपासला. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तीनदा बनवला, कारण पहिले दोन केसभर सैल होते. पहिली वाफ मित्रमैत्रिणींसमोर धरायची असं तिने ठरवलं, तर शैलेंद्रने त्याच दिवशी महाराजांची पाद्यपूजा ठेवली. लोक तसेही येणारच आहेत, असं त्याचं म्हणणं.

चमत्काराचं म्हणाल, तर त्यात काही नव्हतं. एका सिलिंडरचं इंजिन कधीकधी नेमकं अशा जागी थांबतं, की दट्ट्याचा दांडा आणि त्याने फिरवायचा क्रँक एका सरळ रेषेत येतात. मग वाफेने कितीही ढकललं तरी चाक फिरत नाही. सायकलचं एक पेडल अगदी वर आणि दुसरं अगदी खाली असताना वरच्या पेडलवर उभं राहून बघा, सायकल पुढे जात नाही. अशा वेळी फ्लायव्हील बोटाने जरासं ढकलायचं. ती रेष मोडते आणि इंजिन सुटतं. अनघा तेच करायला निघाली होती, महाराजांचा हात आधी पोचला. आणि तो चुकून पोचला नव्हता. पूजेआधी महाराजांनी मोठ्या कौतुकाने तिला विचारलं होतं, हे अडलं तर काय करता हो? तिने भाबडेपणाने सगळं दाखवलं होतं.

हे तिने त्याच दिवशी सर्वांना सांगितलं. लोक प्रसादाचा शिरा खात होते. शैलेंद्र म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत नटबोल्टच दिसतात.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत लिटिल इंडियातल्या मिठाईच्या दुकानापर्यंत पोचला. महाराजांचा मुक्काम वाढला. लोक बंद पडलेले लॅपटॉप आणू लागले, एकाने पीआरच्या, म्हणजे कायम रहिवासाच्या, अर्जाची फाइल महाराजांच्या हातून डोक्याला लावून घेतली. महाराजांच्या प्रवचनांना धार चढली. यंत्र जड नसतं, आपली दृष्टी जड असते. या बेटावर एमआरटी रेल्वे वेळेवर का धावते? सामूहिक स्पंदनामुळे. मग ती कधीमधी बंद का पडते, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तेही स्पंदनच निघालं असतं.

अनघा हे सगळं हसण्यावारी नेत होती. एका शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, स्मिता भेटली आणि अनघाचं हसू थांबलं.

स्मिता तिची दहा वर्षांची मैत्रीण, फायनान्समध्ये, हिशोबात एक सेंट सुटू न देणारी. तिच्या छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायची तारीख दिली होती आणि ती तारीख स्मिताने पुढे ढकलली होती. दोनदा. महाराज म्हणाले होते, शरीर हेही यंत्रच, सुई लावाल तर स्पंदन तुटेल.

अनघाने तिला सायकलचं पेडल समजावलं, कागदी रुमालावर क्रँक काढून दाखवला. स्मिताने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस ते खरंही असेल. पण अनघा, इंजिन तुझं होतं आणि सुरू त्यांच्या हाताने झालं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

घरी येऊन अनघा शेल्टरमध्ये इंजिनासमोर बसली. अडीच वर्षं घासून-पुसून तिने जे केलं, त्याच्या भरवशावर तिची मैत्रीण मरायला निघाली होती. चीड महाराजांची होती, त्याहून जास्त स्वतःची. सांगून भागत नाही, दाखवावं लागतं, हे इंजिनिअर असून तिला उशिरा सुचलं.

पुढच्या रविवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सत्संग होता. इंजिन घेऊन या, असा महाराजांचाच निरोप आला. अनघा लगेच हो म्हणाली. शैलेंद्रने तिच्याकडे दोनदा पाहिलं.

साठ माणसं जमली. इंजिनाखालचा गॅसचा छोटा बर्नर पेटला. प्रवचन संपेतो वाफ तयार होती. अनघाने सिलिंडर तापवून त्यातलं पाणी काढून टाकलं आणि क्रँक मुद्दाम त्या अडणाऱ्या जागेपासून दूर ठेवला. महाराज डोळे मिटून मंत्र म्हणत असतानाच तिने वाफेची चावी उघडली. इंजिन आपलं आपण धावू लागलं. महाराजांनी डोळे उघडले, क्षणभर गोंधळले आणि हसून म्हणाले, आम्ही दुरूनच शक्ती सोडली.

"उत्तम," अनघा म्हणाली. तिने इंजिन थांबवलं, क्रँक सगळ्यांना दिसेल असा सरळ रेषेत आणला आणि पुन्हा चावी उघडली. "आता परत सोडा, महाराज. दुरूनच."

इंजिन फुसफुसत राहिलं. महाराजांनी हात उंचावला, मग दोन्ही हात. मंत्राचा वेग वाढला, चाकाचा शून्यच राहिला. मागून कुणीतरी खोकलं. महाराज उठून फ्लायव्हीलकडे निघाले, तशी अनघा मध्ये उभी राहिली. शक्ती साऱ्या यंत्रात जाते ना, मग चाक सोडून कुठेही हात ठेवावा, अशी तिने विनंती केली. साठ माणसांसमोर माघार घेता येईना. महाराजांनी धुरांड्यावर तळहात ठेवला. धुरांडं तापलेलं होतं. त्यानंतर त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो कोणत्याही मंत्रात नाही.

बोटं फुंकत ते म्हणाले, इथे कुणीतरी अश्रद्ध आहे, म्हणून अडलं.

"मी आहे," अनघा म्हणाली. "पहिल्या दिवशीही होते. स्मिता, इकडे ये. या चाकाला एक बोट लाव आणि जरा पुढे ढकल. मनात काहीही म्हणू नकोस."

स्मिता उठून इंजिनाजवळ आली. तिने करंगळीशेजारचं बोट लावलं. चाक फिरलं आणि इंजिन धावत सुटलं.

अनघाने परत थांबवलं, परत सरळ रेषेत आणलं. वाफ दिसली म्हणून चौकशीला आलेले वॉचमन टॅन अंकल दारात उभे होते, तिने त्यांनाही बोलावलं. त्यांनी चाक ढकललं, इंजिन चाललं. "सो ईझी, लाह," म्हणत त्यांनी बर्नर लगेच बंद करायला सांगितला. त्यांना कुणी हात जोडले नाहीत. महाराजांना कोणत्या हिशोबाने जोडले होते, हा प्रश्न मग बऱ्याच चेहऱ्यांवर दिसू लागला.

महाराज विश्रांतीसाठी निघून गेले. त्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या देशातून बोलावणं आलं, असं कळलं. स्मिताने तपासणीची नवी तारीख घेतली. तिसऱ्या दिवशी शैलेंद्र म्हणाला, मी त्यांना घरी आणलं, स्मिताबरोबर दवाखान्यात मीही येतो.

गाठ साधी नव्हती. इतके आठवडे का थांबलात, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा स्मिताने खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, लवकर आला असतात तर उपचार सोपे झाले असते, पण उपचार अजूनही होऊ शकतात. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. ती आता अर्धा दिवस कामावर जाते.

महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात तिला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ती डोक्याला रुमाल बांधूनच उभी राहिली.

"चमत्कार दाखवणाऱ्याला मी आता एवढंच सांगते, पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी हात दुसऱ्या कुणाचा घ्या. जे फक्त एकाच माणसाच्या हातून होतं, ते तपासा. देवावर श्रद्धा ठेवायची त्यांनी ठेवावी. पण अंगात गाठ लागली तर डॉक्टरकडे जा. त्याच दिवशी जा. मी सहा आठवडे उशिरा गेले, आणि ते सहा आठवडे मला कुणीही परत देऊ शकत नाही."