यादीतली दहावी ओळ

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सिस्टर बेनेडिक्टांनी जिंकलेल्या ढालींची यादी मागितली. चोपडा गावात चर्चमागच्या मैदानावर पंचवीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या झुलाल सरांनी नऊ ओळी झरझर लिहिल्या आणि थोडं थांबून दहावी लिहिली : ‘१९८४, धुळे, एका गुणाने हार.’

“सर, ही ढाल कुठंय?” सिस्टरांनी विचारलं.

“ढाल नाही, पण ओळ राहू द्या.”

त्या अंतिम सामन्यात बरोबरी होती. शेवटच्या चढाईत समोरच्या मुलीचं बोट कापडवाल्या घेवरचंदांच्या मंजूच्या कोपराला निसटतं लागलं. पंचांना ते दिसलंच नाही. मंजूनं मात्र स्वतःहून हात वर केला अन् ती मैदानाबाहेर गेली. तिच्यामागोमाग सामनाही गेला.

परतताना एसटीत सर धुमसत होते. सोनगीरचा किल्ला दिसला अन् त्यांचा तोल सुटला.

“मोठी आली हरिश्चंद्राची नात! हात वर करायला तुला सांगितलं कोणी?”

मंजू घाबरली नाही, नुसती गोंधळली.

“तुम्हीच तर, सर. रोज सकाळी, प्रार्थना झाल्यावर.”