विरी गेलेली ज्वारी

चाँद, तू आधी हसणं बंद कर बे, मग सांगतो. अन् पटकन सांगतो, दळण झालं की मला चारा-छावणीत पळायचंय. तुमाला वाटतंय सिदू सहा महिने म्हशीजवळ लोळत पडलाय. लोळत न्हाई, बांधलेला हाय. छावणी चालवणाऱ्या सोसायटीनं जनावरांच्या कानात बिल्ले ठोकलेत, रोज हजेरी घेतेत, अन् घरचं गडीमाणूस दावणीला दिसलं न्हाई की चारा बंद. बिल्ला म्हशीच्या कानात, पण अडकलोय मी.

आमचं पाल, म्हणजे छावणीतला तंबू, नुसती दोन बाजांची जागा. त्यात मी, आई अन् वहिनी. आप्पा गावात टँकरची वाट बघत घर सांभाळतेत. इकडचा कारखाना उसाबिगर बंद पडला, म्हणून दादा लग्नानंतर वीसच दिवसांनी कोल्हापूरकडं ट्रॅक्टरवर गेला. वहिनी, अयोध्या नाव तिचं, परळीची. बाप थर्मलला, वीजघरात कामाला. तिच्या माहेरी रोज चपात्या. म्हणजे बघा, ती बिचारी हळदीच्या अंगानं थेट छावणीत आली.

माझं तर तुमाला ठाऊकच हाय. गेल्या साली वाळून काटकी झालतो, खाल्लेलं अंगी लागंना, जुलाब थांबंनात. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला अन् म्हणले, सिलिअ‍ॅक. गव्हात जी चिकटाई असती ना, ग्लूटेन म्हणतेत तिला, ती पोटात गेली की माझं शरीर माझंच आतडं खराब करतंय. गोळी न्हाई, सुई न्हाई. गहू बंद, जन्मभर बंद, चिमूटभर बी न्हाई. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, शेवया, समदं गेलं.

तुमी म्हणताल, त्यात काय, आपल्याकडं भाकरी हायच की. मला बी तसंच वाटलतं! पण ज्वारी कुठाय बे? दोन सालं पेरलं ते उगवलंच न्हाई. रेशनला गहू, अन् छावणीत कुणी वाटायला आलं तरी गहूच. एकदा सोसायटीचे चेअरमन मोहनराव लापशीचं पातेलं घेऊन आले, संग फोटोवाला. मी म्हणलं, मला गहू चालत न्हाई. त्यांनी मला पायापासून डोक्यापस्तोर बघितलं.

"असले आजार आमच्या पुण्याच्या व्याह्याला होतेत. तुला कावून झाला रे?"

समदी छावणी हसली. मी गपचिप पत्रावळ धरून फोटो काढून घेतला अन् लापशी म्हशीला घातली. लई खुश झाली म्हैस.

मग आईनं कानातली फुलं मोडून सोसायटीच्या गोदामातली ज्वारी घेतली. जुनी, किडकी. अन् ज्वारी जुनी झाली की तिची विरी जाती. विरी म्हणजे, पीठ पिठाला धरतंय ना, ते. आधणाच्या पाण्यात मळा, न्हाईतर अजून काय करा, थापताना कड फाटती अन् तव्यावर टाकताना दोन तुकडे. आईचं मनगट म्हशीच्या हिसड्यानं मोडलतं, प्लास्टर होतं, त्यामुळं परात आली वहिनीपुढं. समद्यांना चपात्या अन् मला तेवढ्या तीन भाकरी.

पहिले चार दिवस तिची एक भाकरी सरळ उतरली न्हाई. आई तुकडे उचलून शेजारच्या पालातल्या भिवराबाईला दाखवायची. "बघा, परळीची कारागिरी!" पाचव्या दिवसापासून मात्र भाकऱ्या अश्या गोल, अश्या अखंड, की भिवराबाई स्वतः बघायला आली. मी म्हणलं, चला, हात बसला वहिनीचा.

पण माझं पोट काय थांबंना. गिरणीत खाजामियाँला सांगून माझी ज्वारी सकाळी पहिली दळून घेतो, गहू पडायच्या आत. बाहेरचं पाणी बी पीत न्हाई. तरी तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर आजाराचा आकडा हाय तिथंच. डॉक्टर म्हणले, हा चोरून खातोय. अन् आईनं एस.टी. स्टँडवरच सुनावलं, "पुढच्या महिन्यात परत तपासू. आकडा उतरला न्हाई तर समद्यांसारखा गहूच खायचा. जिभेच्या चोरासाठी मी फुलं मोडायची का?"

आता सांगा बे, न खाल्लेलं सिद्ध कसं करायचं?

त्याच आठवड्यात सकाळी मी चारा घेऊन मागच्या बाजूनं पालात शिरलो. वहिनी भाकरीचं पीठ मळायला बसलती. तिनं गव्हाच्या पिठाचा डबा उघडला, एक मूठ घेतली अन् माझ्या ज्वारीत टाकली. हातातली पेंढी खाली पडली माझ्या.

"वहिनी, हे काय?"

ती दचकली. "भावजी, मूठभरच हाय. त्याबिगर धरतच न्हाई."

"मला चिमूटभर बी चालत न्हाई!"

"आधी तर किलोनं खायचात की. मूठभरानं काय होतंय?" मग डोळे भरून आले तिचे. "आत्याबाई म्हणल्या, परत मोडली तर तुज्या बापाला बोलावून घेते. आमच्या नानांनी छावणीत येऊन माझ्या भाकरीचे तुकडे बघायचे का? सांगू नका. उद्यापासून न्हाई टाकणार."

मी न्हाई सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाकऱ्या मोडल्या. आईनं तुकडे टोपल्यात भरून चार पालं फिरवले. वहिनी त्या दिवशी जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी आली, गोल, अखंड. मी वहिनीकडं बघितलं, ती जमिनीकडं. आई माझ्याकडं. अन् मी खाल्ली बे. माहीत असून खाल्ली. एक न्हाई, तीन आठवडे खाल्ली. सांगावं तर तिचं मरण, न सांगावं तर माझं. उठून जावं तर म्हशीची हजेरी.

पुढच्या महिन्यात आकडा उलटा वाढला. डॉक्टरनं फाईल मिटली अन् म्हणले, "आता तरी खरं सांग. असंच चाललं तर आतडं कामातून जाईल." आई बघायलीच. अन् माझ्या तोंडातनं भडाभडा समदं बाहेर पडलं. वहिनी, मूठ, डबा, समदं.

आई एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसली, नुसते ओठ हलत होते. काय काय बोलायचं ते जुळवत होती बहुतेक. मला वाटलं, गाडी बंद पडावी.

पालात आलो. आईचं प्लास्टर कवाच निघालतं, पण परात वहिनीपुढंच राहिलती. तिनं वहिनीला हातानं बाजूला केलं, "सर," अन् स्वतः परात घेतली. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी उचलतानाच मोडली. भिवराबाई दारात येऊन उभी. "वत्सला, हात गेला का गं तुझा?"

आईनं तिसऱ्यांदा पीठ घेतलं. अन् तिचा हात, चाँद, आईशप्पथ, न बघता आपोआप गव्हाच्या डब्यात गेला. मूठ भरली बी. मग थांबली. वहिनी बघत होती. मी बघत होतो. आईनं मूठ सोडली, पांढरा झालेला हात पदराला पुसला, परत पुसला, मग टँकरचं तांब्याभर पाणी ओतून धुतला. मोडकी भाकरी दुधात कुस्करली अन् माझ्यापुढं वाटी सारली. "खा."

तेवढंच. वहिनीला बरं बोलली न्हाई का वाईट न्हाई. गव्हाचा डबा आता भिवराबाईच्या पालात ठेवलाय, चपात्या तिकडंच होतेत. माझ्या भाकरीचे तुकडे वहिनीच करती, अन् आई रोज तिच्या हातांकडं बघत बसती, प्रत्येक मूठ, प्रत्येक घास.

माझं पोट शांत हाय, दीड किलो वजन वाढलं. पण त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलत न्हाई. वाटी ठेवती अन् जाती. अख्ख्या छावणीत माझ्याशी हसून बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. काल धीर करून विचारलं, "वहिनी, माझं चुकलं का?"

ती म्हणली, "तुमचं काय चुकलं? तुमाला डॉक्टरनं तरी विचारलं, काय होतंय म्हणून."

अन् परात घेऊन भिवराबाईच्या पालाकडं गेली.